स्प्लायसिंगवाल्या काकांना जाहीर आभार

काका, सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही, ‘अहो, त्यात काय!’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

इतरांसाठी थोडं सांगते. काका काचेच्या फायबरची टोकं वितळवून एकमेकांना जोडतात, त्यालाच स्प्लायसिंग म्हणतात. आमच्या लॅबमधल्या फायबरच्या वाटेतले बहुतेक कनेक्टर काढून त्यांनी असे जॉइंट मारून दिले. आमच्या प्रयोगात ७७५ नॅनोमीटरचा लेसर स्फटिकात जातो आणि त्यातल्या एखाद्याच फोटॉनचे (प्रकाशाच्या कणाचे) १५५० नॅनोमीटरचे दोन जुळे होतात. दोघं वेगवेगळ्या फायबरमधून आपापल्या डिटेक्टरकडे निघतात. दोन्ही पोचले तरच मोजणी. प्रत्येक वाटेवर पाच कनेक्टर, एकेकाचा लॉस, म्हणजे वाटेत हरवणारा प्रकाश, ०.३ डीबी (डेसिबल). म्हणजे दीड डीबी, शंभरातले सत्तरच फोटॉन पुढे जाणार. आणि जोडीतले दोघंही लागतात, म्हणजे निम्म्या जोड्या वाटेतच गारद. त्यात आमचे डिटेक्टर पोचलेल्यांतलेही शंभरात वीस-पंचवीसच पकडणारे. दुष्काळात तेरावा महिना!

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणालात, ‘मग मध्ये अँप्लिफायर बसवा की.’ अँप्लिफायर म्हणजे फोटॉनच्या नकला काढणं, आणि एकट्या फोटॉनची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे वूटर्स आणि झुरेक या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये दाखवून दिलंय, असं मी सांगितलं. त्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, ‘बरं, मग तुम्हाला किती लॉस चालेल?’

काका, हा प्रश्न त्याआधी कुणीच विचारला नव्हता. पॅचकॉर्ड (टोकांना कनेक्टर लावलेल्या फायबर) विकणाऱ्यांचं प्रत्येक मेलला एकच उत्तर, ‘स्पेकमध्ये आहे, मॅडम.’ होतंच की स्पेकमध्ये, टेलिफोनच्या स्पेकमध्ये! दुसऱ्या एका तज्ज्ञांनी नवे सुपरकंडक्टिंग डिटेक्टर घ्या म्हणून सांगितलं. डिटेक्टर उत्तमच असतात हो ते, पण प्रकाश दारापर्यंत पोचतच नसेल तर दार रुंद करून काय उपयोग?

तुमचा तो एक जॉइंट मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. स्प्लायसिंग मशीनच्या स्क्रीनवर लॉस ०.०१ डीबी आला होता. मी खूश, जॉइंटवर संरक्षक स्लीव्ह सरकवायला हात पुढे केला. तुम्ही थांबवलंत. ‘मशीन फोटो बघून अंदाज सांगतं. उजेड टाकून बघू.’ पॉवर मीटरवर निघाले ०.०८. ओएफसीच्या, म्हणजे टेलिफोनच्या फायबर केबलच्या, कामात कुणी नावं ठेवली नसती, मीही ठेवली नसती. तुम्ही एक अवाक्षर न बोलता स्वतःचाच जॉइंट तोडलात, फायबर पुन्हा सोललंत, अल्कोहोलने पुसलंत, क्लीव्हरची, म्हणजे फायबर कापायच्या यंत्राची, पाती किंचित फिरवलीत आणि नव्याने मारलात. मग ०.०२. तुकडे चिमट्याने उचलून डबीत टाकलेत आणि चष्मा पुसत पुढचा जॉइंट घेतलात. आठ मायक्रॉनच्या गाभ्याला गाभा भिडवायचा तर असा माणूस लागतो. कुणी बघत नसताना आपलंच काम पुन्हा करणारी माणसं अजून आहेत, आणि ती बहुधा चहालाही ‘नको’ म्हणतात.

डिटेक्टरच्या तोंडाशी एकेक कनेक्टर ठेवावाच लागला, फिल्टरचा लॉसही आहे तिथेच आहे. तरीही जोड्यांची मोजणी दीडपटीच्या वर गेलीय. आमच्या सरांनी आकडा दोनदा तपासला, मगच हसले.

आता एकच तक्रार. तुमचं बिल अजून आलेलं नाही. ‘बघू नंतर’ चालणार नाही, अकाउंट्सवाले मार्चनंतर कुणाचं ऐकत नाहीत. या आठवड्यात पाठवा. आणि जाण्यायेण्याचं भाडं त्यात लावा, मागच्या वेळी लावलं नव्हतंत.

तुमची,
लॅबमधली ‘मॅडम’