मिस्त्रीकाका, वखराच्या पासेचा तो बूट अजून माझ्या पायात आहे

आदरणीय मिस्त्रीकाका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "ठेव, गिऱ्हाईक हाये" म्हणता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. ताई वाचून दाखवेल.

बारावीत असताना मोबाइलवर पोलंडमधली स्पीडवेची, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटारसायकलींची शर्यत पाहिली आणि तसाच तुमच्या गॅरेजात धावत आलो. ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी गाडी, एकच गिअर आणि ब्रेक नाहीच! चौघे जण, चार फेऱ्या, मिनिटभरात निकाल. दुसऱ्या कोणी मला हाकलून दिलं असतं. तुम्ही हाताचं ग्रीस पुसत तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि विचारलं, "हा डावीकडं वळून राह्यला, मंग समोरचं चाक उजवीकडं काऊन?"

सगळी विद्या त्या प्रश्नात होती. आठवड्याभरात तुम्ही माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या ब्रेकची केबल काढून ठेवलीत आणि आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, चुन्यानं लंबगोल आखून दिलात. गुरं रानात गेली की आपला सराव. मागचं चाक गरगरत बाहेर घसरायला लागलं की हँडल उलट धरायचं आणि गॅस कायम ठेवायचा. घाबरून सोडला की चाक एकदम माती पकडतं आणि गाडी माणसाला फेकून देते. हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. झडीत, काळ्या मातीच्या चिखलात ट्रॅक्टर चालवून तुमच्या हातांना ते ठाऊक झालं होतं. "भेव लागलं तरी गॅस नाही सोडाचा," एवढंच तुम्ही सांगायचात.

स्पीडवेवाले डाव्या पायात पोलादी तळाचा बूट घालतात, कारण वळणावर तो पाय जमिनीवरून घसरत राहतो. माझे तीन जोड फाटले. मग एका संध्याकाळी तुम्ही भंगारातून वखराची जुनी पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, काढलीत, भट्टीत लाल केलीत, माझ्या पावलाच्या मापानं ठोकून वाकवलीत. बांधायला बैलाच्या घुंगरमाळेचा चामडी पट्टा लावलात. पायात घातला तेव्हा लोखंड अजून कोमट होतं. तो कोमटपणा मला आजही आठवतो.

पहिल्याच शर्यतीत मी गॅस सोडला. खांद्याचं हाड मोडलं. त्या वर्षी बोंडअळीनं पऱ्हाटी गेली होती, बाबांनी गाडी विकायला काढली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "गाडी माया गॅरेजात राहीन. पोराचा हात बरा झाला की मंग इकाचं पाहू." पाच महिने ती तिथं होती. इंजिन उघडून साफ केलंत, रुपया घेतला नाहीत.

त्या पाच महिन्यांत मी तुम्हाला इव्हान मॉगरची गोष्ट सांगितली होती. न्यूझीलंडचा हा पोरगा १९५७ मध्ये इंग्लंडला गेला, तिथं जमलं नाही, घरी परतला. १९६३ मध्ये पुन्हा गेला. पुढं १९६८, ६९, ७० अशी सलग तीन वर्षं जगज्जेता, एकूण सहा वेळा. तुम्ही एवढंच विचारलंत, "मधात काय करत होता?" म्हटलं, गाडी चालवत होता. "मंग," म्हणालात आणि पाना उचललात.

आपल्या भागात स्पीडवेचा ट्रॅक नाही, त्यामुळे मी डर्ट ट्रॅकवरच शर्यती करतो. या हिवाळ्यात पहिल्यांदा फायनल गाठली. दुसऱ्या वळणावर बाजूचा अंगावर आला आणि मनगट सैल पडायला लागलं. हेल्मेटच्या आत मोठ्यानं ओरडलो, "नाही सोडाचा!" तिसरा आलो, काका. बाबा कठड्याला धरून उभे होते.

पाडव्याला गावी येतोय. पास टाचेपाशी झिजून कागदासारखी झालीय, नवी बसवावी लागेल. या वेळी मजुरी घ्यावी लागेल.

तुमचा,
आखरावरचा पोट्टा