पणत्या आदल्या रात्री भिजत घाल

प्रिय सोनू,

चर्चच्या अंगणात दिवाळीची प्रार्थना ठेवताय, शेजारच्या सोसायटीलाही बोलावताय, हे छानच. फक्त लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ नको. त्या वेळी त्यांच्या घरी पूजा असते, येणार कोण? वसुबारस बरी.

‘हे आपल्यात चालतं का?’ म्हणून कुणी कुरकुरलंच, तर वाद घालू नकोस. १९६९ साली रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, भारतातल्या उपासनेसाठी बारा गोष्टी मान्य केल्या. त्यांत मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा आहे, आरतीही आहे. त्याच्याही आधी, डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले, तेव्हा इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी ‘असतो मा सद्गमय’ म्हटलं होतं.

वाचनाला त्याच प्रार्थनेतलं ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ घ्या, मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातली पहिली पाच वचनं. मध्ये दोन मिनिटं शांतता, बस. ‘दिवाळी म्हणजे खरं तर आपल्या येशूचाच सण’ असलं भाषण मात्र कुणाला करू देऊ नकोस. पाहुण्याला त्याच्याच सणाचा अर्थ शिकवायचा नसतो. अंधारात उजेड मागणं दोघांचं सारखं आहे, तेवढं पुरे. राम आणि ख्रिस्त यांची बेरीज नको. कुणी प्रसाद आणला आणि आपल्यातल्या एखाद्याने घेतला नाही, तर तेही चालू द्या.

समईची पहिली वात पास्काच्या, म्हणजे ईस्टरला पेटवतात त्या मोठ्या मेणबत्तीवरून लावा. फादरांसोबत सोसायटीतल्या एखाद्या आजींचा हात असू दे.

आता पणत्या. कोरी पणती तेल पिते, म्हणून रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी उन्हात खडखडीत वाळव. ओल राहिली तर वात तडतडते. वात आधी तेलात पूर्ण भिजव, टोक पणतीच्या चोचीबाहेर जेमतेम गव्हाएवढं ठेव. जास्त काढलीस तर काजळी धरते, भिंत काळी होते. पणतीत दोन-अडीच चहाचे चमचे तेल घातलंस की तासभर निघतो. वर एक बाटली हाताशी ठेव. बायबलमधला दहा कुमारींचा दाखला ठाऊक आहे ना, त्यातल्या पाचजणी तेलावाचूनच अडल्या! विझवताना फुंकर नको, आपल्या पाहुण्यांना ते खटकतं. वात तेलात ओढून घ्यायची.

आणि रात्रीच पायऱ्यांवर सांडलेल्या तेलावर रांगोळी भुरभुरून पुसून काढा, नाहीतर सकाळच्या मिस्साला कुणीतरी घसरेल.

तुझी,
आई