दातांचे डॉक्टर बदला, पण सांगून आणि कागद घेऊन

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सांगली-मिरजेत दातांच्या दवाखान्यांची वाण नाही, तरी डॉक्टर बदलायचे म्हटले की पेशंट संकोचतो. ‘त्यांना काय वाटेल’ म्हणून न सांगता जाणेच बंद करतो. रूट कॅनल अर्धवट असताना हे फार महागात पडते. नस काढली की ठणका थांबतो आणि काम झाले असे वाटते. दाढेत असते ते मात्र तात्पुरते सिमेंट. काही आठवड्यांत ते झिजते, कडेने लाळ आत शिरते आणि मुळांतल्या साफ केलेल्या नलिकांत पुन्हा जंतू जातात. कॅप नसलेली ती पोकळ दाढ सुपारी किंवा कडक भाकरी चावताना उभी चिरते. चीर मुळात उतरली तर दाढ काढावीच लागते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आणि आपल्या नोंदींच्या प्रती मिळवण्याचा हक्क आहे. त्यासाठी भांडायची गरज नाही. ‘डॉक्टर, पुढचे उपचार मी दुसरीकडे घ्यायचे ठरवले आहे. झालेल्या कामाची चिठ्ठी आणि एक्स-रे द्याल का?’ एवढे पुरते. कारण सांगायलाच हवे असे नाही. पण भूल नीट चढत नाही किंवा खर्च झेपत नाही एवढीच अडचण असेल, तर ती आधी बोलून पाहावी. बऱ्याचदा तिथेच मार्ग निघतो. दवाखाना तोच ठेवून डॉक्टर बदलायचे असतील तर काउंटरवर तसे सांगून अपॉइंटमेंट घ्यावी.

चिठ्ठीत काय हवे? दाताचा क्रमांक (खालची डावी पहिली मोठी दाढ म्हणजे ३६), किती नलिका सापडल्या, प्रत्येकीची लांबी मिलिमीटरमध्ये, आत कोणते औषध ठेवले आणि तात्पुरते सिमेंट कधी भरले. नलिका साफ करायच्या बारीक सुईचे (तिला ‘फाइल’ म्हणतात) टोक आत तुटून राहिले असेल तर तेही लिहिलेले हवे. ही नोंद टाळली जाते, आणि पुढच्या डॉक्टरांना सर्वांत जास्त गरज तिचीच असते. एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल मागावी; खिडकीच्या उजेडात धरून काढलेल्या फिल्मच्या फोटोत मुळाचे टोक नीट दिसत नाही.

इम्प्लांट (जबड्याच्या हाडातले कृत्रिम मूळ) बसवले असेल तर पाकिटावरचे स्टिकर जपून ठेवावे. त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक असतो. एका कंपनीचा स्क्रू सहसा दुसरीच्या इम्प्लांटमध्ये बसत नाही, त्यामुळे स्टिकर हरवले की पुढे साधी कॅप सैल झाली तरी पंचाईत होते. दातांच्या तारा चालू असतील तर सुरुवातीचे फोटो आणि जबड्यांचे साचे मागावेत.

पैशांचा हिशेब टप्प्यांवर करावा. झालेल्या टप्प्याचे पैसे देऊन पावती घ्यावी आणि उरलेली आगाऊ रक्कम परत मागावी. कॅपचे माप लॅबला गेले असेल तर लॅबचा खर्च आपल्याला द्यावा लागतो, तो रास्तच आहे.

दंतवैद्य बंधू-भगिनींनाही विनंती आहे. पेशंटने चिठ्ठी मागितली म्हणजे अपमान झाला असे मानू नये. आपल्याकडे आलेल्या पेशंटसमोर आधीच्या कामाला नावे ठेवू नयेत. जत-आटपाडीहून एसटीने येणाऱ्या माणसाला कागदासाठी पुन्हा हेलपाटा पडू नये, चिठ्ठी त्याच भेटीत हातात द्यावी.

आपला,
एक दंतवैद्य, विश्रामबाग, सांगली