डँडेनाँगहून पत्र: सातबाऱ्यावरून पुसलेली माणसं

डँडेनाँग, मेलबर्न

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथले अफगाणी म्हणजे पठाणच ना?" नाही आबा. या भागातले बरेचसे अफगाणी हजारा आहेत. बोली फारसीची, बहुतेक शिया, आणि चेहरा मध्य आशियाच्या वळणाचा. त्यामुळे गर्दीत लपायची सोय नाही. शिया म्हणून त्यांचा छळ झाला असं सगळीकडे वाचायला मिळतं. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. तुमचं आयुष्य तलाठी म्हणून गेलं, तेव्हा उरलेलं अर्धं, जमिनीचं, तुम्हाला लगेच कळेल.

यांचा मुलूख हजारजात, अफगाणिस्तानच्या मधला डोंगराळ भाग. अमीर अब्दुर रहमान (१८८० ते १९०१) येईपर्यंत तिथे काबूलचा अंमल नावालाच होता. त्याने आधी ठाणी बसवली, कर वाढवले आणि हत्यारं जमा करायला लावली. घोटाळा इथेच झाला. हत्यारं शोधायच्या निमित्ताने शिपाई घराघरांत शिरले आणि बायकांवर अत्याचार झाले. १८९२ साली हजारजातच्या उरुझगान भागात उठाव झाला. अमीराने स्वतः सरदारकी दिलेला हजारा प्रमुखसुद्धा त्याच्यावर उलटला. मग मौलवींकडून हजारांना काफिर ठरवणारा फतवा आणला. फतव्याचा व्यवहारी अर्थ असा, की लढायला येणाऱ्या टोळ्यांना लूट, गुलाम आणि जमीन सगळं हलाल झालं. पगार न देता फौज उभी राहते ती अशी.

१८९३ पर्यंत उठाव चिरडला गेला. बायकामुलं काबूल-कंदाहारच्या बाजारात विकली गेली आणि त्या विक्रीवर सरकार कर घेत होतं. गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती पुढे अमीर अमानुल्लाच्या काळात, १९२३ च्या घटनेने. उरुझगानची सुपीक जमीन पश्तून, म्हणजे पठाण टोळ्यांना वाटली. उन्हाळी कुरणं फर्मान काढून कुचींना, म्हणजे फिरस्त्या पश्तून मेंढपाळांना दिली. पुढचा अमीर हबीबुल्ला याने पळालेल्यांना परत बोलावलं खरं, पण गेलेली जमीन बहुतेक गेलेलीच राहिली.

कुरणांचं प्रकरण तुम्ही नीट बघा. कुची दर उन्हाळ्यात कळप घेऊन वर येत आणि सोबत कापड, चहा, साखर उधारीवर विकत. वसुली पुढच्या वर्षी. हिवाळ्याने पीक मारलं की देणं फुगायचं, शेवटी शेत द्यावं लागायचं. आपल्याकडे सुप्याला १८७५ मध्ये कुणब्यांनी सावकाराची कर्जखतं जाळली. हजारजातात कर्जखत जाळून उपयोग नव्हता, कारण सावकाराच्या पाठीशी अमीराचं फर्मान होतं. हजारजातातल्या बेहसूदमध्ये त्याच कुरणांवरून या शतकातही गोळीबार झालाय. १९४० च्या दशकात तुपावरच्या करामुळे पुन्हा बंड झालं, ते इब्राहिम खान गावसवार याने शहरिस्तानात केलेलं. या एका खेपेला मात्र सरकारला तो कर सोडावा लागला.

पळालेले इराणातल्या मशहदला आणि आताच्या पाकिस्तानातल्या क्वेट्याला गेले. क्वेट्यात इंग्रजांनी १९०४ मध्ये १०६ वी हजारा पायोनियर्स ही पलटण उभी केली, लढाई आणि रस्तेबांधणी दोन्ही कामांची. १९३३ मध्ये ती मोडली. तिथल्या हजारांच्या वस्त्या आता मुख्यतः दोन: मरियाबाद आणि हजारा टाउन. हल्ल्याचा धोका जास्त असतो तो या दोहोंमधल्या रस्त्यावर. पण वस्तीतही सुटका नाही. १० जानेवारी २०१३ ला आलमदार रोडवर एक स्फोट झाला, मदतीला माणसं धावली आणि मग दुसरा झाला. महिन्याभराने किरानी रोडच्या बाजारात पाण्याच्या टँकरमधून स्फोटकं आणली. दोन्ही वेळा नातेवाईक प्रेतं न पुरता थंडीत रस्त्यावर बसून राहिले.

अफगाणिस्तानातलं थोडक्यात सांगतो. ८ ऑगस्ट १९९८ ला तालिबानने मझार-ए-शरीफ घेतलं आणि घरोघरी हजारा पुरुष शोधून मारले. किमान २,००० माणसं मेली असा मानवी हक्क संघटनेचा अंदाज आहे. जानेवारी २००१ मध्ये हजारजातातल्या याकावलंगमध्येही कत्तल झाली. ऑगस्ट २००१ मध्ये टाम्पा या मालवाहू जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे येणाऱ्या बुडत्या होडीतून ४३३ जण वाचवले, त्यांतले बहुतेक हजारा होते. ऑस्ट्रेलियाने त्यांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही, बऱ्याच जणांना नाउरू बेटावर धाडलं.

आणि जमीन? सप्टेंबर २०२१ मध्ये, तालिबान परत आल्यावर महिनाभरातच, दायकुंदी आणि उरुझगानच्या गावांमधून किमान २,८०० हजारांना हुसकून लावलं. बऱ्याच ठिकाणी पत्रं आली होती: जमीन तुमची नाही, अमुक दिवसांत रिकामी करा. कागद दाखवायला, दाद मागायला वेळच दिला नाही. तुमच्या दप्तरात हरकतीला निदान नोटिशीची मुदत तरी असायची.

आईस सा. न. गुडघ्याचं औषध पुढच्या पार्सलात पाठवतो.

आपला,
सुहास