आप्पा, कॉम्प्युटरवरून रुसू नका

आई, आप्पा,

आई, आधी तू वाच आणि मग त्यांना दे, नाहीतर पहिल्याच ओळीला चष्मा काढून ठेवतील.

फोनवर आप्पा नुसतं "हं, हं" करतात, कळतं मला. गणपतीत आले तेव्हा कॉम्प्युटर साफ केला आणि आप्पा, तुमचं खातं साधं केलं, म्हणजे आता काही नवीन इन्स्टॉल करायचं तर वेगळा पासवर्ड मागतं. ते मी परत फिरवणार नाहीये, आधीच सांगते. पण तुम्हाला काही येत नाही म्हणून केलं असलं काही डोक्यात घेऊ नका. २०१९ ला आपल्या सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा कपाटाआधी सीपीयू माळ्यावर चढवणारा माणूस तुम्ही, तुम्हाला मी काय शिकवू. ऑफिसात मलाही असंच खातं दिलंय, माझ्याच लॅपटॉपवर मला साधा प्रिंटरसुद्धा जोडता येत नाही.

आता काय काढलं ते ऐका. फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ आणि व्हिडिओ चालवणारा तो जुना प्रोग्राम, काढला, कारण तो कंपनीनेच ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालायचंच थांबलं, मग मधेमधे "तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झालाय, अपडेट करा" अशी लाल पाटी येते ती लावतं कोण, अपडेटच निघत नाही तर? त्या पाटीवर दाबलं की व्हायरस आत, बाकी काही नाही. मायक्रोसॉफ्टचं तसलंच सिल्व्हरलाइटही गेलं, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२१ लाच संपला. आणि जावा. इन्कम टॅक्सच्या रिटर्नसाठी म्हणून टाकलेलं ना ते, आता रिटर्न साइटवरच भरता येतं, आणि ब्राउझरमधलं जावा तर क्रोमने २०१५ ला आणि फायरफॉक्सने २०१७ लाच बंद केलं, म्हणजे ते तिथे नुसतं पडून होतं, वर सारखं अपडेट मागायचं आणि तुम्ही सज्जन माणूस, प्रत्येक वेळी हो म्हणणार.

ब्राउझरला जोडलेला तो कूपनवाला एक्स्टेंशनही मीच काढला. टाकताना तो विचारतो, सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू का? सगळ्या म्हणजे बँकेचं पानसुद्धा आलं त्यात! दहा-वीस रुपयांच्या सवलतीसाठी पेन्शनचं खातं कुणाला दाखवायचं?

पण सगळंच काही उडवलं नाहीये हं. पत्रिकेचं सॉफ्टवेअर आहे तसंच आहे, त्याला डॉट नेट ३.५ लागतं, ते मायक्रोसॉफ्टचंच आहे आणि विंडोजच्या फीचर्समधूनच चालू होतं, म्हणून ठेवलं. आणि यादीत व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाचे सात-आठ दिसतात, २००८, २०१० वगैरे, ते डबल आलेत समजून काढायला जाऊ नका, वेगवेगळ्या प्रोग्रामला वेगवेगळा लागतो. नाट्यगीतं यूट्यूबवर पहिल्यासारखीच वाजतात, त्याला फ्लॅशसारखं वरून जोडायचं प्लगइन लागत नाही. हळदीचे भाव दिसतात, लाइट बिल भरता येतं, पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडते. त्यासाठी वेगळा रीडर मागितला तर नको म्हणा, तसल्या फुकट सॉफ्टवेअरबरोबर आधीच टिक केलेलं काहीतरी भलतंच गळ्यात मारतात.

आई, तुझा गोळे फोडायचा खेळ फ्लॅशवरचा होता, म्हणून गेला. पण इंटरनेट आर्काइव्हने २०२० पासून जुने फ्लॅशचे खेळ जपून ठेवलेत, रफल नावाच्या प्रोग्रामवर ते पानातच चालतात, वेगळं काही टाकायचं नाही. तुझ्यासारखाच एक सापडलाय, डेस्कटॉपवर "आईचा खेळ" म्हणून ठेवलाय बघ. गोळ्यांचे रंग जरा वेगळे आहेत, चालवून घे.

आप्पा, आठवतंय का, मला मांडीवर घेऊन पेंटमध्ये घर काढायला लावायचात आणि खिडकी काढताना काही विचारलं की माझा हात धरून म्हणायचात, आधी वाच, मग दाब. मला धड वाचताही यायचं नाही तेव्हा! तरी तुम्ही थांबायचात, मी अक्षर अक्षर लावेपर्यंत. त्या घराला धुराडं कशाला काढायचे मी कोण जाणे, गावभागात कुणाच्या घराला धुराडं आहे?

आता तुम्हाला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि तुम्ही अंदाजाने दाबता, खरी काळजी त्याची आहे. ब्राउझरची अक्षरं १२५ टक्के केलीत, अजून मोठी हवी तर कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबा. पण तो काही इलाज नाही. मिरजेला मोतीबिंदूची तारीख घ्या, दिवाळीनंतर नको, त्याआधीच. शुगर तपासून रिपोर्टचा फोटो मला पाठवा. सुट्टी मी काढलीये, डोळ्यात थेंब घालायला मी आहे, आईच्या गुडघ्याला उगाच उठबस नको.

आणि पासवर्ड मी एकटीकडे ठेवलेला नाहीये. आईच्या मेतकुटाच्या डब्याखाली चिठ्ठी आहे. काही टाकायचं झालं तर तिच्यासमोर वाचून, ते कुणी मागितलं आणि कशाला, एवढं बघून टाका. नसेल कळत तर स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवा, ऑफिसात असले तरी बघेन. पण फोनवर "हं" म्हणून ठेवून देऊ नका.

तुमची,
सोनी