ताई, त्या तोट्याच्या हिशेबाबद्दल आभार

ताई, स. न. वि. वि.

आभार फोनवरही मानता आले असते. पण फोनवर तुम्ही "बरं बरं, पुढचं बोल" म्हणून विषय उडवून लावता, हे मला आता पाठ झालंय. शिवाय नागपूर, चंद्रपूर, यवतमाळकडे नाटक करणाऱ्या पोरापोरींनीही हे वाचावं असं वाटतं, म्हणून उघड पत्र. नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. ओळखणारे ओळखतीलच.

इथे अनेकांचा समज आहे की तुम्ही मला स्कॉटलंडमध्ये एडिंबराला पाठवलंत. तसं नाही. नाट्यनिर्मात्यांच्या देवाणघेवाणीचा तो कार्यक्रम होता, निवड अर्जावर झाली, तिकीटही त्यांनीच काढलं. तुम्ही केलंत ते निराळंच. तुमच्या नाटकाच्या फ्रान्स-जर्मनी दौऱ्याच्या हिशेबाची एक्सेल शीट तुम्ही मला पाठवलीत. ज्या दौऱ्यात तुम्हाला सणसणीत तोटा झाला, त्याची. एकही आकडा न पुसता.

आपल्या धंद्यात हे कोणी करत नाही. नाईट, म्हणजे नटाचं एका प्रयोगाचं मानधन, किती ठरली, टेम्पोला किती गेले, कंत्राटी प्रयोगात हातात काय उरलं, सगळं मोघम. "जमतं हो कसंतरी." हाऊसफुल्लचा बोर्ड फेसबुकवर सगळ्यांना दिसतो, हिशेबाची वही मात्र कपाटात कुलूपबंद. त्यामुळे प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून ठेचाच खातो, आणि जुने लोक वरून म्हणतात, अनुभवाने शिकशील.

मी ती शीट उलटीसुलटी कितीदा वाचली असेल, सांगता येत नाही. नाटकाचं सामान परदेशी न्यायचं तर एटीए कार्नेट, म्हणजे जकात न भरता सामान तात्पुरतं नेण्या-आणण्याचं कागदपत्र, लागतं, आपल्याकडे ते फिक्की ही उद्योजकांची संघटना देते आणि ते वर्षभर चालतं, हे मला त्यातून कळलं. यादीतली प्रत्येक वस्तू तशीच्या तशी परत आली पाहिजे, नाहीतर तिकडची जकात आपल्या बोकांडी. तुमच्या यादीत एक 'पितळी घंटा, नग 1' आहे आणि शेजारच्या रकान्यात तुमची टीप: 'परतीला विमानतळावर सापडेना. तबलजीच्या बॅगेत निघाली.' त्याखाली जर्मनीची ओळ. बाहेरून आलेल्या कलाकाराच्या मानधनातून तिथे 15 टक्के कर आणि त्यावर अधिभार आधीच कापून घेतात. पुढे तुम्ही लिहिलंय, 'यापुढे करारात हातात येणारी निव्वळ रक्कम लिहून घेणे.' हे कुठल्या कार्यशाळेत कोण सांगणार? कार्यशाळेत दृष्टी, संवाद, भागीदारी असले शब्द मिळतात. घंटा तबलजीच्या बॅगेत असू शकते, हे मिळत नाही.

मग तुम्ही माझं बजेट मागितलंत, राज्य नाट्य स्पर्धेला केलेल्या नाटकाचं. नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, तालमीचा चहा, सायंटिफिक सभागृहापर्यंतचा टेम्पो, सगळं होतं. तुम्ही विचारलंत, "यात तू कुठे आहेस?" मी गप्प. तर तुमचं ठेवणीतलं नागपुरी बाहेर आलं: "काहून लाजून राहिली? टेम्पोवाल्याले देतेस ना पैसे? मग तुलेच काऊन नाही?" फोन ठेवायच्या आत तुम्ही माझ्याकडून 'निर्मिती व्यवस्थापन' अशी ओळ घालून घेतलीत, आणि तिच्यापुढे शून्य लिहू दिलं नाहीत.

आमच्या ग्रुपमध्ये त्या ओळीवरून बरीच धुसफूस झाली. तारखा मिळवणं, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवून प्रमाणपत्र आणणं, नटाच्या ऑफिसातल्या साहेबाला रजेसाठी गळ घालणं, ही कामं 'आवडीने' करायची असतात असा समज आहे. मी आवडीनेच करते. पण आवड आणि वीजबिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळ राहिली.

एडिंबरात पहिल्याच बैठकीत गोल बसवून प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला कामाचे पैसे कोण देतं? वाटलं होतं, तिकडचे लोक ऐटीत सांगतील. कसलं काय! कोणी कॉलेजात शिकवून नाटक करतं, कोणी रात्री हॉटेलात काम करतं. माझी पाळी आली तेव्हा मी माझी ती ओळ आकड्यासकट सांगितली. तुमच्यामुळे सांगता आली.

तिथल्या फ्रिंज या नाट्यमहोत्सवाबद्दल तुम्ही बजावलं होतंत की नाटकं कमी बघ, व्यवहार जास्त बघ. तेच केलं. आपण सभागृहाचं भाडं आधी भरतो. प्रेक्षक येवोत न येवोत, भाडं तेवढंच. तिकडे बऱ्याच ठिकाणी तिकीटविक्री वाटून घेतात, साधारण साठ टक्के नाटकवाल्यांना आणि चाळीस जागेच्या मालकाला. ऐकायला गोड, पण त्यात बहुधा किमान हमीची अट असते. विक्री पडली तरी तेवढे पैसे मोजावेच लागतात. म्हणजे तिथेही खड्डा आहेच, फक्त तो करारात लिहिलेला असतो.

आणि ती समरहॉलची जागा! जुनं पशुवैद्यकीय कॉलेज ते. जिथे शरीररचनेची व्याख्यानं व्हायची, त्या उतरत्या लाकडी बाकांच्या वर्गात आता नाटकं होतात. तुमच्या सांगण्यावरून मी एक अख्खा दिवस प्रेक्षकांत न बसता एका रंगमंच व्यवस्थापक मुलीच्या मागे मागे फिरले. एक नाटक संपलं की पंधराएक मिनिटांत दुसरं सुरू. तिच्या गळ्यात स्टॉपवॉच, कंबरेला चिकटपट्ट्यांचे रोल. प्रत्येक नाटकाचा चिकटपट्टीचा रंग वेगळा, म्हणजे खुर्ची कुठे ठेवायची हे अंधारातही दिसावं. प्रेक्षक बाहेर पडताहेत तोवर तिने पाणी पुसलं, खुर्च्या फिरवल्या, दिव्यांची पुढची फाईल उघडली. एकाही माणसावर ओरडली नाही. आपण सकाळपासून ठोकाठोक करतो आणि तिसऱ्या घंटेपर्यंत कोणी ना कोणी कोणावर तरी भडकलेलं असतं. रंगीत पट्ट्या मी आल्या आल्या सीताबर्डीतून घेतल्या.

परिनिरीक्षणाचं तिथे सांगितलं तर एका आजोबांना मोठं नवल वाटलं. त्यांच्या देशात प्रयोगाआधी संहिता तपासायची पद्धत 1968 च्या कायद्याने संपली. त्याआधीचे दिवस त्यांनी तरुणपणी बघितलेले. "मग तुम्ही अजून पाठवता?" पाठवतो, काय करता!

विदर्भाकडे कोणी बघत नाही, मुंबई-पुण्याला सगळं मिळतं, हा अनुशेषाचा पाढा मी तुमच्यापुढे वाचला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "जाऊन ये, मग बोलू." तिथे कळलं की 1947 साली एडिंबराचा मुख्य महोत्सव सुरू झाला तेव्हा आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि त्यातूनच फ्रिंज उभा राहिला. आजही तिथे निवड समिती नाही; जागा मिळवा आणि करा. यावर लगेच हुरळून जाऊ नये हेही दिसलं. निवड नाही म्हणजे तोटाही ज्याचा त्याचाच. पण आमचा पाढा तेव्हापासून जरा कमी झालाय, हे खरं.

तुम्ही तिथल्या लोकांना माझ्यासाठी पत्रं लिहिलीत, त्याचे वेगळे आभार. वर्षानुवर्षं जपलेल्या ओळखी असं कोणी दुसऱ्याच्या हवाली करत नाही. आणि अट काय, तर पहिल्या भेटीत स्वतःच्या नाटकाविषयी अवाक्षर काढायचं नाही, त्यांचं काम विचारायचं. मला ते फार जड गेलं, पण ज्यांना ज्यांना भेटले त्यांची उत्तरं अजून येतात.

एका मुद्द्यावर मात्र माझं तुमच्याशी पटलेलं नाही. बाहेर न्यायचं तर नाटक तासाभराचं करा, असं तुम्ही म्हणता. तिकडच्या वेळापत्रकात तेवढीच जागा असते, मान्य. पण दोन अंक, मधे चहा-वडा, लोकांनी पहिल्या अंकावर वाद घालणं, हेही आपल्या नाटकाचं अंग आहे. ते कापून उरेल ते सुटसुटीत असेल, पण आपलं असेल का? प्रत्यक्ष भेटलो की भांडू.

आणि भेटायचं कारण तयार आहे. या कार्यक्रमात माझी जोडी लावली होती ती ग्लासगोची निर्माती आता इकडे येतेय. तिने मला विचारलं होतं, तुमच्याकडे नाटकाला अनुदान किती? मी तिला झाडीपट्टी, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली गावोगावची नाटकं, सांगितली. दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशातली नाटक कंपन्यांची ऑफिसं गजबजतात, गावोगावची मंडळं येऊन नाटक ठरवतात, पैसे गावच उभे करतं, रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत माणसं हलत नाहीत. तिला ते खरं वाटेना. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे आपल्या मुंबईकरांना झाडीपट्टी कळली, तर ग्लासगोला काय दोष द्यायचा! तिला हिशेब बघायचाय. मलाही बघायचाय, कारण इतकी वर्षं दीडशे किलोमीटरवर राहून मीही ते नाटक पाहुणी म्हणूनच पाहिलं.

तुम्ही सोबत हव्यात. वडशाचे लोक माझ्यापुढे वही उघडतीलच असं नाही, तुमच्यापुढे उघडतील. तारीख गावाचं नाटक ठरलं की लगेच कळवते. गरीबरथचं तिकीट तोवर काढू नका. स्वेटर आणि शाल आणा, पहाटे उघड्यावर थंडी हाडं फोडते. पाहुणीला रात्रभर जागायचंय हे तिला मी सांगून ठेवलंय. तुमचा प्रवास, राहणं आणि मानधन मी बजेटमध्ये धरलं आहे. नाही म्हणायचं नाही, ओळ टाकून झाली आहे.

तुमची,
धरमपेठेतली
नागपूर