रिक्षामामा, त्या पडद्याबद्दल

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

समोर बोलायला गेले की तुम्ही "त्यात काय ओ ताई" म्हणता आणि रिक्षा चालू करता, म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते चारचौघांनी वाचावे अशाच बेताने लिहिते आहे. माझ्या मुलाला मानसशास्त्रज्ञाकडे नेण्याची गरज आहे, हे सगळ्यांत आधी तुम्ही ओळखले. मी त्याची आई. त्याच्या ताटात किती भाकरी उरली हे मला न बघता कळते, पण हे मला कळले नव्हते.

जुलै 2024 मध्ये पंचगंगेचे पाणी पुन्हा चढले आणि आंबेवाडीतून गुरेढोरे घेऊन आम्ही पाहुण्यांकडे गेलो. 2019 च्या महापुरात तो चार वर्षांचा होता, आजोबांच्या मांडीवर बसून बोटीतून बाहेर पडला होता. 2021 मध्ये आम्ही रातोरात घर सोडले. 2024 ची ही तिसरी वेळ. त्या वेळी आमच्या उंबऱ्याला पाणी लागले नाही, त्यामुळे पोराच्या मनाला काही लागले असेल अशी शंका घरात कोणालाही आली नाही.

परत आल्यावर आठ-दहा दिवसांतच रोज सकाळी दप्तर भरताना त्याच्या पोटात दुखू लागले. पाच वर्षे कोरडे राहिलेले अंथरूण ओले होऊ लागले. संध्याकाळचे खेळणे सुटले. आणि डोळे उघडले की पहिला प्रश्न असे, "आई, राजाराम बंधारा आज किती फूट?" पंचगंगेचे पाणी या बंधाऱ्याशी मोजतात; तिथली इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे नदीकाठच्या लहानसहान पोरांनाही पाठ असते, त्यामुळे आल्यागेल्याला त्याचे कौतुकच वाटे. गणपती झाले, दसरा झाला, नदी केव्हाच पात्रात गेली, तरी तो प्रश्न थांबला नाही. आकडा सांगितला की तेवढ्यापुरता तो शांत होई आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारी.

या काळात ज्यांच्याकडे आम्ही विश्वासाने गेलो त्यांच्याविषयी लिहिताना हात आवरता घेते, पण गप्प बसवत नाही. शाळेतून डायरीत शेरा आला, "लक्ष देत नाही, नाटके करतो." एका डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली, ते योग्यच होते, कोरडे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर आधी शरीराची तपासणी व्हायलाच हवी. परंतु सारे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर त्यांनी त्याच्यादेखत मला सांगितले, "काही झालेले नाही, लाड कमी करा." रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणेच नाही, असा अर्थ त्या दिवशी माझ्या मुलाने घेतला, आणि त्यानंतर पोट दुखले तरी तो सांगेनासा झाला. घरात नजर उतरवून झाली, अंगारा लावून झाला. रविवारी पोट दुखत नाही, म्हणजे हे ढोंगच, असा निवाडा घरच्यांनी दिला आणि मीही त्यावर मान डोलावली. त्या मान डोलावण्याची टोचणी अजून गेलेली नाही.

मग दिवाळीच्या आधी एका दुपारी तुम्ही त्याला दारात सोडलेत आणि निघताना थांबून म्हणालात, "ताई, राग मानू नका. पोरगं पूल आला की डोळं मिटून दप्तरात तोंड घालतंय. तोरस्कर चौक आला की मूठ सोडतंय. मी आरशात रोज बघतोय. ह्यो हट्ट न्हवं."

माझ्या स्कूटीवर तो माझ्या पाठीमागे बसे. पंचगंगेवरच्या त्या शिवाजी पुलावरून मी त्याला शंभर वेळा नेले असेल, पण त्याचा चेहरा मला कधी दिसला नाही. रविवारी पोट का दुखत नाही, याचे उत्तर मला त्या क्षणी मिळाले. रविवारी पूल ओलांडायचा नसतो.

शिरोळकडच्या तुमच्या भाचीची हकीकत तुम्ही तेव्हाच सांगितलीत. 2019 च्या पुरानंतर ती शाळेत बोलेनाशी झाली, आणि देवऋष्यांचे उंबरे झिजवण्यात तिचे एक वर्ष गेले. "आमचं वरीस गेलं, तुमचं घालवू नका," हे तुमचे वाक्य मी तसेच्या तसे जपून ठेवले आहे.

पण मामा, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट याहून लहान आहे आणि ती तुम्ही मला कधीच सांगितली नाहीत. ती मला तुमच्याच रिक्षातल्या एका मुलीकडून कळली. ऑक्टोबरच्या उन्हात, पावसाचा थेंबही नसताना, पुलाच्या अलीकडे तुम्ही रोज रिक्षा कडेला घेत होता आणि माझा मुलगा बसतो त्या डाव्या बाजूचा रेक्झिनचा पडदा खाली सोडत होता. उकडते म्हणून पोरांनी कुरकुर केली की "ऊन येतंय रं डोळ्यावर" म्हणून त्यांना गप्प करत होता. पूल संपला की पुन्हा उतरून पडदा गुंडाळत होता. ऊन हे नुसते निमित्त होते. त्याच्यासाठी हे चालले आहे असे एका शब्दाने तुम्ही म्हणाला असता, तर दुसऱ्या दिवसापासून "भित्रा" म्हणून त्याची टर उडाली असती. तुम्ही उन्हाचे नाव केले आणि माझ्या लेकराची लाज राखलीत. सकाळच्या घाईत, सात पोरे मागे कालवा करत असताना, शाळेची घंटा डोक्यावर असताना, दिवसातून दोनदा रिक्षा थांबवून हे करणाऱ्या माणसाला काय म्हणावे, यासाठी माझ्याजवळ शब्द नाही.

दिवाळीनंतर आम्ही मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेलो. जाताना घरच्यांच्या मनात काय काय होते ते सांगते, कारण हे पत्र वाचणाऱ्या कितीतरी घरांत तेच असणार: वेड्यांचा डॉक्टर, गोळ्यांची सवय, आणि पुढे लग्नाच्या वेळी कोणी उकरून काढले तर. मानसशास्त्रज्ञ औषधे लिहून देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचे, आणि प्रत्येक मुलाला त्याची गरज पडतेच असे नाही, एवढी साधी माहितीही आम्हाला नव्हती. बाईंनी आधी माझे ओझे हलके केले. पुरासारख्या प्रसंगानंतर मुले घाबरतात, चिकटून बसतात, झोपेत दचकतात, आणि बहुतेक मुले काही आठवड्यांत आपोआप सावरतात, असे त्या म्हणाल्या. म्हणून एकाच लक्षणाने घाबरून जायचे नसते. पण महिना उलटूनही भीती ओसरत नसेल, घर, शाळा आणि मैदान तिन्हीकडे तिची सावली पडत असेल, झोप, जेवण किंवा खेळ तिच्यापायी सुटत असेल, किंवा एकदा जमू लागलेली गोष्ट मूल पुन्हा हरवून बसले असेल, तर वाट पाहू नये. आणि मुलाच्या तोंडी मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नये. लगेच डॉक्टर गाठावेत. टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते, हेही त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितले.

पडद्याचे ऐकल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या मामांना माझा नमस्कार सांगा, आणि तो पडदा आता त्यांच्याच हाताने वर न्यायचा आहे." भीतीकडे पाठ फिरवली की त्या वेळेपुरते बरे वाटते, पण त्यामुळे ती आत घर करून राहते; आणि एकदम समोर उभे केले तर मूल मोडते. म्हणून थोडे थोडे, आणि तेही मुलाच्या संमतीने. त्यांनी त्याला भीती मोजायला शिकवले, तेव्हा त्याने आपल्या हाताने कागदाच्या पट्टीवर राजाराम बंधाऱ्याची पातळी काढली आणि 39 वर इशारा, 43 वर धोका असे लिहिले. "आज पुलावर किती फूट?" असे बाई त्याला विचारत. पहिल्या दिवशी त्याने बोट 50 वर ठेवले होते.

त्यापुढचे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुम्ही पडद्याला नाडी बांधलीत आणि तिचे टोक त्याच्या हातात दिलेत. वीतभर वर घ्यायचा की नाही ते तो ठरवणार. काही दिवस वीतभरच राहिला. एकदा पाऊस आला तेव्हा पुन्हा पूर्ण खाली आला, आणि तुम्ही काहीही बोलला नाहीत. मी तुमच्या जागी असते तर नक्की बोलले असते, "अरे, काल तर वर घेतला होतास ना?"

पूर आला की आपला कोल्हापूरकर काय करतो ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. तालमीची पोरे गळाभर पाण्यात उतरतात, कोणाच्या घरातून भाकऱ्यांचे गठ्ठे निघतात, अनोळखी माणूस अनोळखी माणसाची म्हैस सोडवतो. त्या माणुसकीचा मला अभिमान आहे. पण पाणी ओसरल्यावर, चिखल धुऊन झाल्यावर, पंचनामे संपल्यावर लहान मुलांच्या पोटात जे उरते त्याचा पंचनामा होत नाही. तिथे उतरायला बोट लागत नाही, थांबून बघणारे माणूस लागते. शेरा मारणाऱ्या शिक्षकांकडे आणि लाड कमी करा म्हणणाऱ्या डॉक्टरांकडे माझ्या मुलाकडे बघण्यासाठी मोठमोठ्या पदव्या होत्या. तुमच्याकडे तळहाताएवढा आरसा होता, आणि तुम्ही त्यात बघितलेत.

आता तो पाचवीत आहे. अंथरूण कोरडे आहे. यंदा पावसाळ्यात त्याने फूट विचारले, पण दिवसातून एकदा, आपण सगळेच विचारतो तसे. जूनमधल्या एका संध्याकाळी घरी आल्यावर त्याने दप्तरातून ती नाडी काढून मला दाखवली. मामांनी पडद्याची सोडवून दिली म्हणाला, आता पडद्याला नको. मी ती टाकू का म्हणून विचारले, तर नको म्हणाला आणि कंपासपेटीत ठेवून दिली. अजून तिथेच आहे.

आपली कृतज्ञ,
मागच्या सीटवर डाव्या कडेला बसणाऱ्या मुलाची आई
आंबेवाडी, कोल्हापूर